झरा आणि बाईंची सही

चष्मा काढायचा, अहवाल मिटायचा आणि विचारायचं, "स्वतः पाहिलंत, की कुणी सांगितलं?" बाईंच्या कोथरूडच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात त्यांचा हा प्रश्न आला, की मी आधी घसा खाकरून घ्यायचो.

धातूच्या खाणीला परवानगी मिळण्याआधी तिच्या परिणामांचा अहवाल गावकऱ्यांपुढे ठेवून सरकारी जनसुनावणी घ्यावी लागते. तो अहवाल आम्ही करायचो. फी खाणवाल्यांची, पायपीट माझी, सही बाईंची.

पायपिटीचं काय सांगू! कोल्हापूरकडे एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, बॉक्साइटची खाण व्हायची होती. पोचलो तोच मॅनेजरनं तांबडा-पांढरा रस्सा पुढे केला. चौथ्या वाटीनंतर सडा उतरून खालचं गाव पाहणं काही माझ्यानं होईना. "खाली बारमाही झरा नाही हो," मॅनेजर म्हणाला. मी तसंच लिहिलं आणि आडवा झालो.

पुण्यात बाईंचा प्रश्न आलाच. "स्वतः पाहिलं," मी म्हणालो. तुम्ही तो रस्सा खाल्ला असतात तर... असो.

सुनावणी भर मे महिन्यात. मांडवात जिल्ह्याचे अधिकारी, मॅनेजर, बाई आणि मी; समोर अख्खं गाव. मी माइकवर तेच वाक्य वाचलं. खालच्या गावातली एक सून उठली. पाण्यानं भरलेली कळशी तिनं टेबलावरच्या अहवालावरच ठेवली.

"आत्ता झऱ्यावरनं आणलीया. पिऊन बघा, सायेब. खाण झाल्यावर आमी काय प्यायचं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याची पाती मोजत होतो. तीन होती.

बाई उठल्या. "मॅडम, बसा हो, नंतर दुरुस्त करू," मॅनेजर कुजबुजला.

"अहवाल चुकीचा आहे," बाई माइकवर म्हणाल्या. "झरा न पाहता लिहिलंय. सही माझी आहे. इतिवृत्तात घ्या, मगच पुढे बोला."

परतताना गाडी खंबाटकी घाटाला लागली. मी म्हणालो, "बाई, माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुम्ही होतात कुठे अहवालात?"

पुन्हा अभ्यास करा, असा शेरा घेऊन प्रस्ताव परत आला. झरा तूर्त वाचला. बाईंचं काम मात्र त्या कंपनीनं काढून घेतलं, पाठोपाठ इतरांनीही.

ऑफिसच्या शेवटच्या दिवशी बाईंनी दारावरची पाटी स्वतः उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली.

"द्या, मी खाली आणतो."

"राहू द्या. जड नाहीये."

रिक्षा कोपऱ्यावर वळली. मी जिन्यात उभा, हातात पाटीचे चार स्क्रू.