नव्या सिरियलबद्दल बोलतेय

ये गं, पाहुण्यासारखी दाराशी काय बसतेस? जवळ ये. फोन तरी करावा माणसानं — इकडे परदेशात, टाकानिनीत पडलेली म्हातारी आहे की गेली, एवढं विचारायला! बरं, राहू दे. आज एक सांगायचंय. मुलाला सांगितलं नाही, सुनेला नाही, देवापुढे बसूनसुद्धा कधी बोलले नाही.

मी कोरियन सिरियल बघते हे तुला माहितीये. हसतेस काय! सकाळी आठला सगळे कामावर गेले की सहापर्यंत माझ्याशी बोलणार कोण? खालची इंग्रजी ओळ वाचायची, रिमोटनं थांबवायचं, पुन्हा वाचायचं — माझं इंग्रजी तिथंच झालं.

त्यात एक नटी होती. आधी सोशिक सुना करायची, मग वकीलबाई झाली, मग भांडखोर आई. माझी लाडकी, आणि विमलचीही. विमल म्हणजे मागच्या गल्लीतली, साताऱ्याहून मुलाकडे आलेली. तिला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. दुपारी मेथीची जुडी घेऊन यायची, निवडत बसायची, आणि मी एकेक ओळ मराठीत सांगायची. "थांब थांब, सासूला काय म्हणाली ते परत सांग," म्हणायची. कधी मी पदरचं घालायची. तिला कळायचं. आवडायचंही.

२०१७ असेल. एका दुपारी सिरियलऐवजी त्या नटीची मुलाखत लावली. मी मनात वाचत होते — वर्षभर ती फलक घेऊन रस्त्यावर उभी राहतेय, घरात मार खाणाऱ्या म्हाताऱ्या बायांसाठी. त्यापायी कामं गेली, तरी उभी राहतेय. मग तिनं सरळ आमच्याकडे बघितलं. म्हणाली, घरातल्यानं हात उगारला तर लाज तुमची नाही. शेजारणीला सांगा. आजच सांगा.

शेजारीण कोण, सांग ना? रिमोट घेऊन बसली होती ती.

विमलच्या मनगटावर त्या आठवड्यात निळं पडलं होतं. ओव्हनचं दार लागलं म्हणाली. दाराची चार बोटं उठतात का गं? मी बघितलं होतं — आणि काही विचारलं नव्हतं.

"काय म्हणतेय गं ती?" विमलनं विचारलं.

"काही नाही. नव्या सिरियलबद्दल बोलतेय."

"मग डोळे का पुसतेय?"

"नटीच ती! रडायचंच काम तिचं."

विमल पडद्याकडे बघत राहिली. मग हसली जराशी, बाही खाली ओढली, आणि मेथीचे देठ गोळा करायला लागली.

का केलंस, विचारशील. तिच्या मुलानंच माझ्या मुलाला पेनरोजच्या कंपनीत लावलं होतं. तोच त्याचा साहेब. एवढंच. झालं ते सांगतेय — माफी म्हणून नाही.

पुढं तिचं येणं कमी झालं. दोनेक महिन्यांनी तिला भारतात पाठवायचं ठरलं. निरोपाला गेले तर हात प्लास्टरमध्ये. बाथरूममध्ये पाय घसरला, तिच्या मुलानं सांगितलं. विमल माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती. आणि मी? सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई, या वयात बघून चालावं." त्याच्या बाजूनं बोलले मी. कुणी विचारलंही नव्हतं.

ती साताऱ्याला गेली. मी फोन केला नाही. करून काय सांगणार — त्या दिवशी ती नटी काय म्हणत होती ते? आता, दोन वर्षांनी?

तिला तेव्हाच कळलं असेल का? असेल. पदरचं घातलेलं तिला नेहमीच कळायचं.

झालं, एवढंच होतं. तू काही बोलू नकोस. बॉटनीला घरी जायची बस चुकेल तुझी, ऊठ. पण परत ये हं — लवकर ये. दिवसभर मी एकटीच असते.