एकच ओगुस्त

वेर्नासोल नावाचा कुणी सेनापती होऊन गेला, पॅरिसात त्याच्या नावाचा चौक आहे, असं आमचे गावकरी फुशारकीनं सांगत. असेल बुवा! आमच्या डोंगरातल्या गावाचं नाव वेर्नासोल आणि निम्म्या गावाचं आडनावही तेच. त्यात प्रत्येक घरच्या थोरल्या मुलाला आजोबाचं नाव ठेवायची रीत. मग ही नावं कागदावरच राहायची आणि हाक मारायची ती घरावरून. गिरणीचा, पुलाचा, अशी.

पाथरवट आन्सेल्मचा घात इथेच झाला. तीस वर्षं थडगी कोरली, अक्षर कधी चुकलं नाही, याचा त्याला भारी ताठा. महायुद्धात पडलेल्या पोरांची यादी कचेरीतून आली, तिच्यात ‘ओगुस्त वेर्नासोल’ लागोपाठ दोनदा.

“कारकुनाला डुलकी लागली वाटतं!” म्हणत त्यानं एक खोडलं आणि स्मारकावर एकदाच कोरलं. जाऊन विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण हा पडला शहाणा.

अनावरणाला ते नाव दोनदा पुकारलं गेलं, तेव्हा त्याला आपली चूक कळली. गिरणीचा आणि पुलाचा, सख्खे चुलतभाऊ, दोघंही आजोबाचे ओगुस्त! त्यांच्या आया, गिरणीची फिलोमेन आणि पुलाची लेओंतीन, दगडापुढे उभ्या होत्या. आन्सेल्म मेजवानी टाकून घरी पळाला. घास उतरणार होता थोडाच!

दुसऱ्या दिवशी तो लेओंतीनच्या दारात गेला.

“वहिनी, माझ्या हातून पाप झालं. एका ओगुस्तचं नाव राहिलं.”

“ठाऊक आहे. मला वाचता येतं.” ती मसूर निवडत होती, हात थांबला नाही. “जाऊबाईंना येत नाही. त्यांनी विचारलं, माझा कुठाय गं? मी त्यांचं बोट धरलं आणि त्या नावावर ठेवलं.”

“चूक माझी, वहिनी.”

“तुझीच, मेल्या! पण कुणाचं पोर वगळायचं, ते मला ठरवावं लागलं.”

आन्सेल्म ढसाढसा रडला. तिनं त्याला रडू नको म्हटलं नाही.

दुसरा ओगुस्त त्यानं त्याच आठवड्यात कोरला. पण जागा उरली होती ती पार तळाशी, मातीलगत. दर रविवारी प्रार्थना आटोपली की लेओंतीन चिखलात गुडघे टेकून ते नाव वाचायची, आणि समोरच्या आपल्या दारातून आन्सेल्मला ते मरेपर्यंत बघावं लागलं.