माल्टात फरशी वाजवनारा साडू

माझ्या साडूएवढा हट्टी मानूस मराठवाड्यात दुसरा न्हाई. आसल तर ह्यालाच भिऊन कुटंतरी लपला आसल. साडू म्हंजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिनीचा नवरा, औशाचा. लातूर नवा जिल्हा झाला तवा तिथं पाटबंधाऱ्याच्या हापिसात शिपाई लागला. समदे गुलाल उधळून राहिलते आन हा साहेबाला इचारतो, "जिल्हा आला, ब्येस झालं. नळ कवा येनार?" रिटायर होईस्तोवर त्यानं ह्योच सवाल इचारला. दुसरी खोड टाकी वाजवायची. कुनाच्याबी घरी गेला की जयभीम घालायच्या आधी टाकीवर बोटाचं पेर मारनार, कान लावनार आन सांगनार, "दीड हात हाय." सासऱ्यासंगं मला बघायला आलता तवा बी, काय शिकलास म्हून इचारलं न्हाई. आमचा रांजन वाजवला आन म्हनला, "रिकामा हाय." सासरे म्हनले, "रांजन का पोरगा?" "दोन्ही."

त्याची पोरगी नर्स, तिकडं माल्टा म्हून समुद्रातलं बेट हाय तिथं. लातूरला रेल्वेनं पानी आलं त्या दुष्काळात तिनं आईबापाला बोलावलं. पन टँकरच्या रेटारेटीत पडून अक्काचं, म्हंजे साडूच्या बायकोचं, मनगट मोडलेलं. तसल्या हातानंच हंडे लावून ती म्हनली, "मी आले तर टँकरला कोन हुबं ऱ्हाईल?" साडू लालबुंद. "ह्यो शेवटचा उन्हाळा. फुडं तू टँकरम्होरं दिसनार न्हाईस. लिहून घे!" अक्का म्हनली, "मला लिहिता येत न्हाई. पाव्हन्याला बी न्हाई." मंग तिच्या जागी, साक्षीदार म्हून, पाव्हन्यालाच, म्हंजे मलाच, माल्टाला नेलं.

निघताना स्टँडवर एकजन बोललाच, "हितं प्यायला पानी न्हाई आन ह्ये चालले समुद्र बघाया!"

साडू म्हनला, "म्या हितं बसल्यानं येतंय का? येत आसल तर सांग, आत्ता माघारी फिरतो."

माल्टात पोरगी आमाला घरी सोडून कामावर गेली. म्या सहज नळ फिरवला, तर धो धो पानी! आमाला आठा दिवसाला नळ बघायची सवय. म्या बादली भरली, कुकर भरला, समदे कप, फुलदानी, शेवटी माझा बूट बी भरला. सांजच्याला पोरगी आली, डोस्क्याला हात लावून म्हनली, "काका, नळ रोजच असतोय हो!" साडू कुकर वाजवून म्हनला, "राहू दे. सरकार काय, तिकडचं आन हिकडचं, भरवसा न्हाई!"

दुसऱ्या दिवशी तिनं समुद्र दाखवला. निळाशार. उघडी मानसं वाळूत वाळवनासारखी पडलेली. म्या घोट घेऊन बघितला आन तोंड वाकडं करून बसलो. मंग हजारो वर्सांची दगडी देवळं दाखवली. लोक फोटू काढून राहिलते आन साडू इचारतो, "ह्ये दगड उचलनारे पानी कुठलं पीत व्हते?" त्या बेटावर नदी न्हाई, वढा न्हाई. फुडं एका जुन्या वाड्यात ह्यानं भस्सदिशी बसून फरशीवर पेर मारलं. पोरगी वरडली, "पप्पा, हात लावायचा नसतोय!" राखनदार धावत आला. साडू हलंना. "पोकळ हाय. उघड म्हनावं."

पोरीनं इंग्रजीत सांगितलं तसा राखनदार हसला. त्यानं लोखंडी झाकन उचललं. खाली खडकात कोरलेलं टाकं, रांजनासारखं पोटाचं. गच्चीवरचं पावसाचं पानी नळीनं थेट आत. साडूनं आत तोंड घातलं आन बायकोला हाक मारली, "आगं ए!" खालून तीच हाक माघारी आली. मान वर केली तवा त्याचे डोळे भरलेले. म्या लगीच थट्टा केली, "काय म्हनती अक्का?"

"म्हनती, खंदायला पाव्हन्याला बी आना."

औशाला आल्यावर ह्यानं बैठकीची फरशी उखडली. गाव हसलं, त्यात म्या समद्यात मोठ्यानं, पहार पायाच्या अंगठ्यावर पडंस्तोवर. "मालक, बैठकीत हीर कोन खंदतंय?" कोन म्हनलं की हा म्हनायचा, "ज्याची बायको टँकरला जानार न्हाई, तो." काळा खडक, रोज वीतभर. पन मिरगाच्या आधी टाकं झालं, गच्चीची नळी आत सोडली, वर फरशी बसवली, आन दोन पावसांत टाकं भरलं. पुन्हा अक्का टँकरम्होरं दिसली न्हाई.

साडू जाऊन दोन वर्सं झाली. आता औशाला गेलो की चप्पल काढायच्या आधी म्या त्या फरशीवर पेर मारतो, कान लावतो. सैपाकघरातून अक्का इचारती, "किती हाय, पाव्हनं?" मला फरशीच्या आवाजातलं काय बी कळत न्हाई. तरी म्हनतो, "दीड हात."

"ते बी कायम दीडच म्हनायचे," अक्का म्हनती, आन तांब्या गच्च भरून आनून म्होरं ठेवती.