वरातीत अडकलेला उजेड

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते हे आईने गावभर सांगून ठेवलंय. पण मी नेमकं काय शिकवते ते सांगायला लागले, की तिला झोप यायची. म्हणून कर्जतच्या बुद्धविहारात माझं व्याख्यान ठरलं आणि ती हौसेने साडी काढून बसली, तेव्हा मी ठरवलं, बाकीचे घोरले तरी चालेल, आईला जागं ठेवायचं. विषय होता, विश्व पारदर्शक कसं झालं.

आमच्या कडाव गावाहून रिक्षाने निघालो आणि गावाबाहेरच वरातीत अडकलो. रस्ता सरकारने बांधला असला तरी लग्नसराईत तो नवऱ्याच्या मामाचा असतो. डीजे दणाणत होता. रिक्षावाल्याने डावीकडून घुसून पाहिलं, तर तिथे नवऱ्याचे मित्र नागीण होऊन लोळत होते. उजवीकडे घेतली, तर एक काका समोरच्या काचेला कपाळ टेकून नाचू लागले. आई वाट मागायला उतरली, तिला कुणीतरी आत्या म्हणून ओळखलं आणि आत ओढलं. ती नाचलीही. मी रिक्षात बसून चरफडत होते.

मग जनरेटरचं डिझेल संपलं. आवाज थांबला, अंगातलं वारं उतरलं आणि सगळ्यांना एकदम भूक आठवली. जो तो समोरच्या मांडवात शिरून एकेका पत्रावळीपुढे बसला. माणसं तेवढीच, पण रस्ता मोकळा. आई रिक्षात परतली आणि आम्ही सुसाट निघालो.

विहारात अध्यक्षांचं प्रास्ताविक अजून चालूच होतं, त्यामुळे माझा उशीर कुणाच्या लक्षात आला नाही. मी लॅपटॉप उघडलाच नाही. म्हटलं, सुरुवातीला विश्व इतकं तापलेलं होतं, की इलेक्ट्रॉन वरातीतल्या पोरांसारखे मोकाट होते. उजेड होता, पण जरा सरळ निघाला की कुणीतरी धडकून त्याला भलतीकडे वळवायचं. विश्व पसरलं, थंडावलं. काही लाख वर्षांनी इलेक्ट्रॉन अणूंमध्ये जाऊन बसले, पंगतीला बसावेत तसे. तेव्हा वाट मोकळी झाली. तो उजेड अजून आपल्यापर्यंत पोचतोय, पण इतका क्षीण होऊन, की डोळ्यांना दिसत नाही, यंत्रांनाच कळतो.

अध्यक्षांना वरातीचा दाखला पोरकट वाटला. आभार मानताना त्यांनी तसं सांगितलंही. आई पहिल्या रांगेत टक्क जागी होती.

परतताना रिक्षात आई म्हणाली, "एवढ्या लांबून येतो बिचारा. त्याला कोन वळखतं तरी का गं?"

"आम्ही ओळखतो. आमच्या विषयात तेच काम असतं, आई."

"मंग आदी सांगायचं नाय? मी आपली सांगत व्हते, पोरगी पोरांना गणितं घालते."

तेवढ्यात तीच वरात पुन्हा आडवी आली. त्यांना डिझेल मिळालं होतं. मी काही बोलायच्या आत आईने पदर खोचला आणि माझा हात धरून मला खाली उतरवलं.