बँकॉकचा बस्ता आणि कुंकवाचं पहिलं बोट

आधीच सांगून टाकते, मला जायचं नव्हतं. अकोल्याला जठारपेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. दिवसभर बायकांच्या साड्यांना ब्लाउजपीस जुळवून द्यायचे, "उजेडात बघा ना" म्हणत पायरीपर्यंत दहा चकरा मारायच्या, आणि शेवटी "उद्या येते" ऐकायचं. रात्री डोळे मिटले तरी मला कापडच दिसतं. अशा बाईला कोणी शॉपिंग टूरवर चल म्हटलं, तर ती हातच जोडणार.

पण फोन अश्विनीचा होता. अश्विनी माझी भाची, वरूडच्या नणंदेची मुलगी, पुण्याला नोकरीत. फेब्रुवारीत तिचं लग्न. तिनं अमरावतीच्या एका टूरवाल्याकडे दोन सीट परस्पर बुक करून टाकल्या होत्या, फक्त बायकांची सहल, पाच दिवस, बँकॉक.

"मामी, माझा बस्ता तिकडेच करायचा. तू आणि आई."

"बस्ता कोणी बँकॉकला करतं का गं? अमरावतीची दुकानं बंद पडली का?"

"अमरावतीत सगळे असतात, मामी. तिकडे कोणी नसेल. पहिलं बोट आईनंच लावायचं. तू बघशील ना?"

मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. पुढे सांगण्याआधी हे बोट काय ते सांगते. आमच्या वऱ्हाडात लग्नाचा बस्ता घ्यायला सगळं गणगोत दुकानात जातं. गादीवर नवरीचं पहिलं कापड उलगडलं, की त्याला हळदकुंकवाचं बोट लागतं. दुकानदारच वाटी पुढे करतो. कुंकू लागलं म्हणजे कापड आपलं झालं, भावाची घासाघीस मग निवांत चालते. आणि हे बोट लावायचं नवरा असलेल्या बाईनं.

ताईंचे, म्हणजे माझ्या या नणंदेचे, यजमान चार वर्षांपूर्वी गेले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मोठ्या मुलाचा बस्ता अमरावतीला झाला, तेव्हा दुकानदारानं वाटी पुढे केली आणि ताईंनी सवयीनं ती हातात घेतली. मुलाची आई, तीच घेणार ना! मी पटकन पुढे झाले, त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली आणि म्हटलं, "राहू द्या ताई, मी लावते." सगळ्यांना सुटल्यासारखंच वाटलं. ताई मागे जाऊन पिशव्या सांभाळत बसल्या त्या शेवटपर्यंत उठल्या नाहीत. अश्विनी तिथंच होती, तिनं सगळं पाहिलं होतं. माझ्या मनातून ते गेलेलं नाही, म्हणून मी बँकॉकला गेले.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. नागपूरहून कोलकाता, तिथून बँकॉक. आम्ही गेलो तेव्हा आपल्या लोकांना व्हिसा लागत नव्हता, पण निघण्याआधी एक ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. नियम बदलत असतात, आपापलं बघून घ्या. माणशी साठ हजारांच्या आसपास खर्च आला, खरेदी सोडून. मी अकोल्याहून रेल्वेनं नागपूरला गेले, ताई वरूडहून एसटीनं आल्या. आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू होती. संत्र्याच्या ट्रक-ट्रॅक्टरच्या गर्दीत एसटी दीड तास अडकली म्हणून त्या वैतागलेल्या होत्या. विमानतळावर भेटल्याबरोबर त्यांनी पर्समधून हळदकुंकवाचा चांदीचा लहानसा करंडा काढून माझ्या हातात दिला.

"हे तुह्याजवळ राहू दे. तुलेच लावा लागन."

मी तो पर्समध्ये ठेवला. अश्विनीनं काय सांगितलंय ते बोलायची माझी हिंमत झाली नाही.

बँकॉकला उतरल्यावर आम्हा एकोणीस बायकांच्या छातीवर गुलाबी स्टिकर चिकटवले गेले. आमची गाइड तिथलीच होती, नोक नावाची, चाळिशीची, हातात पिवळी छत्री. तिचं हिंदी आमच्यापेक्षा बरं होतं. सगळ्यांना ती मम्मी म्हणायची. "मम्मी लोग, छाता देखो, छाता के पीछे चलो!" पाच दिवस मी त्या छत्रीमागे चालले. बँकॉकमध्ये काय पाहिलं असं कोणी विचारलं, तर पिवळी छत्री, असं खरं उत्तर आहे.

दुसऱ्या दिवशी प्रातुनाम. होलसेल कपड्यांचा बाजार, मजल्यावर मजले, गल्लीत गल्ली. तिथल्या चलनाचे, एका बाटचे, तेव्हा पावणेतीन रुपये पडत होते. तीन नग घेतले की भाव उतरतो, हे लक्षात ठेवा. बरोबरच्या बायका तुटून पडल्या. माझे पाय पहिल्या तासातच सुजले. एका दुकानात मी कापडाचं पोत बोटांनी चाचपून बघतेय, तर ताई म्हणाल्या, "तू काहून आली वं इथं? तुहं तं दुकानच हाये!" मी म्हटलं, "तेच मी स्वतःला विचारून राहिले." त्यावर दोघी जिन्यावर बसून खूप हसलो. तेवढंच बरं वाटलं त्या दिवशी.

जेवणाचं म्हणाल तर प्रातुनामच्या आसपास हिंदुस्थानी जेवण मिळतं, पण पनीर खाऊन खाऊन जीव विटतो. ताईंनी आणलेल्या तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी नसती तर माझं काही खरं नव्हतं. रस्त्यावर संत्र्याच्या रसाच्या बाटल्या मिळतात, तीस बाटला एक. ताईंनी आधी गाडीवरचं फळ उचलून हुंगलं, सालीवर नख दाबून पाहिलं. मग घोट घेतला. "पानी नाई घातलं बापा," म्हणाल्या, आणि वरूडच्या बाईनं ते म्हणणं म्हणजे मोठंच सर्टिफिकेट आहे. रोज दोन बाटल्या संपवल्या त्यांनी.

तिसरा दिवस म्हणजे नुसती शिक्षा. टूर स्वस्त का असते ते त्या दिवशी कळतं. सकाळी रत्नांचा कारखाना, मग चामड्याचं दुकान, मग गाद्यांचं. प्रत्येक ठिकाणी एक तास बसायचंच. गाद्यांच्या दुकानात झोपून बघा म्हणाले, तर आमच्यातल्या दोघी खरंच झोपल्या, त्यांना उठवायला नोकला परत यावं लागलं. माझं डोकं दुखत होतं, गुडघा बोलत होता, आणि अजून नवरीसाठी एक चिंधीही घेतली नव्हती. बसमध्ये ताई म्हणाल्या, "पोरीनं इतले पैसे कायले घातले कोन जाने. मले इथं काईच तिच्याजोगं दिसत नाई."

शेवटचं ठिकाण रेशमाचं होतं. थंडगार मोठा हॉल, भाव ठरलेले, साडीएवढं सहा मीटर कापून देतात. मी सवयीनं डाळिंबी, आमसुली, चिंतामणी असे नवरीला शोभणारे रंग काढायला लावले. ताई एका बाजूला उभ्या होत्या. मग त्यांनीच एका थानावर हात ठेवला. मोतिया रंग, कडेला बारीक सोनेरी रेघ.

"इतका फिका? नवरीला?" मी म्हटलं.

"तिले भडक आवडत नाई. लहानपनापासून नाई आवडत. तुमी समदे तिच्या अंगावर लालच घालत होते, मंग ते पोरगी कार्यातून आली की फ्रॉक काढून फेके."

आम्हाला हे कोणालाच माहीत नव्हतं. विकणाऱ्या बाईनं थान उलगडलं आणि ताई एक पाऊल मागे सरकल्या. माझ्यासाठी जागा केली त्यांनी. मी पर्समधून करंडा काढला, झाकण उघडलं. खरं सांगते, तेव्हा मी इतकी दमले होते की मोठं काही मनात आलं नाही. एवढंच वाटलं, की हे कापड या बाईनं निवडलंय, मी कोण मधे?

करंडा त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही लावा."

"नको वं. काईतरीच."

"इथं कोण बघतंय, ताई?"

"तू हायेस ना," त्या म्हणाल्या.

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. त्या वाटीबद्दल दोन वर्षं त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि आता बोलल्या त्या एवढंच.

"त्या दिवशी माझं चुकलं," मी म्हटलं. "तुमच्या हातातून वाटी घ्यायला नको होती. अश्विनीनं मला याचसाठी पाठवलंय. लावा."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कापडाकडे. करंगळीजवळचं बोट आधी हळदीत, मग कुंकवात बुडवलं आणि थानाच्या टोकावर टेकवलं. त्यांचे ओठ हलत होते.

आणि ती विकणारी बाई किंचाळली. "नो, मॅडम! नो!"

हॉलमधले सगळे वळून बघायला लागले. तिच्या दृष्टीनं काय झालं होतं? न विकलेल्या, पांढऱ्यासारख्या रेशमावर एका गिऱ्हाइकानं लाल-पिवळा रंग फासला होता. आम्ही भावसुद्धा विचारला नव्हता! अकोल्या-अमरावतीचा कोणताही दुकानदार हात जोडून उभा राहिला असता. आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नाही, की कुंकू लावलं म्हणजे कापड आपलं, हे फक्त आपल्याकडे चालतं.

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. पदरानं बोट पुसायला लागल्या. "पाह्यलं? म्हनूनच लावत नसतात माह्यासारखीनं. पोरीच्या पह्यल्या कापडाले डाग लावला म्या."

"ताई, डाग नाही हो तो! आपण भाव विचारला नाही, एवढंच झालं," मी सांगत होते, पण त्यांच्या कानापर्यंत ते पोचत नव्हतं. मला रडू यायला लागलं. याहून त्यांना बोट लावायला सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

पिवळी छत्री धावत आली. मी मोडक्यातोडक्या हिंदीत रिवाज सांगितला. नोकनं विचारलं, "किसने लगाया?"

मी काही बोलायच्या आत ताई म्हणाल्या, "मैंने."

"आप दुल्हन की मम्मी?"

"हो."

नोक त्या बाईशी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलली. मला फक्त 'मे' हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकू आला. त्यांच्याकडे आईला मे म्हणतात, हे नोकनंच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. विकणारी बाई शांत झाली. तिनं ताईंकडे बघून हात जोडले, वाकली, आणि कापताना कुंकवाचं टोक आतल्या घडीत जाईल असं नीट पाहिलं. भाव मात्र पाच हजार सहाशे बाट, एक बाट कमी केला नाही बाईनं!

चौथ्या दिवशी चिनी बाजारातल्या चिंचोळ्या गल्लीत आहेराचे स्टोल आणि पिशव्या घेतल्या. तिथं स्वस्ताई आहे, पण पाकीट पोटाशी धरा आणि मागून सामानाची हातगाडी आली की भिंतीला चिकटा. याहून जास्त काही आठवत नाही. मन त्या मोतिया कापडातच अडकलं होतं.

परतीच्या विमानात ताईंनी माझा हात धरला. "घरी कोनी ईचारलं तं तू लावलं म्हनून सांगजो. पोरीच्या लग्नाले बोल नको लागाले." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वरूडला ताईंच्या अंगणात संत्र्याचे क्रेट रचलेले होते. ओसरीवर बस्ता उलगडला. अश्विनी मुद्दाम पुण्याहून आली होती. ताईंच्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना घरातले सगळे मोठ्याबाई म्हणतात आणि सगळे वचकून असतात, त्या बाजेवर बसल्या होत्या. कापडाची घडी उघडली. कुंकवाचं बोट दिसलं.

"कोनं लावलं?" मोठ्याबाईंनी विचारलं.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी शब्द दिला होता. मी तोंड उघडलं, "मी..."

"म्या लावलं," ताई म्हणाल्या. "माह्या लेकीचं हाये. तिले भडक आवडत नाई म्हनून म्या निवडलं, म्याच लावलं."

मोठ्याबाईंनी कापड जवळ ओढलं, चष्मा वर करून ते बोट बघितलं. मग म्हणाल्या, "कुंकू कच्चं हाये. घडी उलटी कर, नाईतं पसरन." आणि अश्विनीकडे वळल्या, "भडक आवडत नाई तं आमाले कदी बोलली नाईस वं तू?"

अश्विनीनं ते कापड उचललं आणि आईच्या खांद्याला डोकं लावून रडली. ताई तिला "अवं, चुरगळन ते," म्हणत होत्या.

आता कोणी विचारेल, अशी टूर करावी का? पाय धड असतील तर करा. आरामाच्या चपला न्या, पुऱ्या न्या, आणि गाद्यांच्या दुकानात खुशाल झोपा. माझी सूज आठवडाभर उतरली नाही. स्वतःसाठी मी काही घेतलं नाही, आणि दुकानात परत उभी राहिले तर पहिलं गिऱ्हाईक "उद्या येते" म्हणून गेलं.

बॅग रिकामी करताना तळाशी करंडा सापडला. ताईंना फोन लावला.

"ताई, करंडा माझ्याकडेच राहिला. पाठवून देऊ?"

"राहू दे तुह्याजवळ."

पुढच्या वर्षी माझ्या मुलाचं, रोहितचं लग्न करायचं चाललंय. "ताई, रोहितच्या बस्त्याला पहिलं बोट तुम्ही लावायचं. अमरावतीला, सगळ्यांसमोर."

पलीकडे अंगणात ट्रॅक्टर चालू होता.

"येईन," ताई म्हणाल्या. "पन आधी भाव ईचारजो."