बॅटरीचा कौल

मिरजोळ्याच्या बॅटरीच्या दुकानात मी माझ्या गाडीला नवी बॅटरी बसवून घेत होतो, तेव्हा एक काका आपली गाडी घेऊन आले. पाली गावाकडचे असावेत. पांढरा सदरा, लेंगा, आणि दुकानात पाऊल टाकायच्या आधीच चेहऱ्यावर नकार. दुकानदाराने त्यांच्या बॅटरीला मीटर लावला आणि म्हणाला, "काका, संपली ही. बदला."

"तुमचा मीटर तुमच्याच बाजूने बोलणार," काका म्हणाले. "मी देवाला कौल लावतो."

चपला काढून ते गाडीत बसले, डोळे मिटून पुटपुटले आणि चावी फिरवली. गाडी कण्हली, पण सुरू झाली.

"बघा! उजवा दिला!"

"उजवा म्हणजे हो, कबूल," दुकानदार म्हणाला. "पण हो कशाला? बदलायला की न बदलायला?"

काकांचा चेहरा पडला. ते ठरवायचंच राहिलं होतं. आम्ही नको नको म्हणत असताना त्यांनी गाडी बंद केली, पुन्हा रीतसर गाऱ्हाणं घातलं आणि चावी फिरवली. नुसतं टक् झालं.

काका मात्र शांत.

"एकदा दिलेला कौल परत मागितला, की देव असा रुसतो. म्हणजे पहिलाच खरा. न बदलायचा."

इतकी श्रद्धा मी देवळातही पाहिलेली नाही. दुकानदाराने आणि मी गाडी ढकलत उतारापर्यंत नेली. तिथे ती सुरू झाली, आणि निरोपाला खिडकीतून काकांचा हात बाहेर आला. उजवाच.