ताना बाईंची स्पॅनिश

शब्द चुकला की ताना बाई हातातल्या बांबूच्या कामटीने समोरच्याच्या मनगटावर हलकेच मारत. रागाने नव्हे, वळणारी गाय हाकावी तसं. विणणं सुरूच असे, नजरही वर उठत नसे. शब्द त्यांच्या झाडी बोलीतला असो की स्पॅनिश, त्यांना फरक पडत नसे. माझ्या मनगटावर त्या काळात सर्वांत जास्त टिचक्या बसल्या त्या स्पॅनिशसाठी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या एका बुरड बाईकडून माझी स्पॅनिश सुधारली असं सांगितलं की लोक हसतात. मीही हसते, कारण ते कसं घडलं हे मलाच नीट सांगता येत नाही.

माझे वडील कामासाठी तेलंगणातून बल्लारपूरला आले. घरात तेलुगू, कॉलनीत हिंदी, शाळेत मराठी. शाळेतल्या बाई 'मले-तुले' म्हणणाऱ्या मुलांना बाकावर उभं करत, म्हणून मी पुस्तकातलं मराठी पाठ केलं. मग तेलुगू नातेवाईक माझ्या तेलुगूला हसायचे आणि वर्गातल्या मुली माझ्या मराठीला. तुझी भाषा कोणती, असं कोणी विचारलं की मी गोंधळून जायची. त्यात नागपूरला राहून दोन वर्षं स्पॅनिशचा अभ्यासक्रम केला. का केला, याचंही धड उत्तर माझ्याकडे नव्हतं. सगळ्यांसाठी सारखीच परकी असलेली एखादी भाषा असावी, असं कदाचित वाटलं असेल.

एका संस्थेने उत्तर स्पेनमधल्या मारिसोल नावाच्या टोपल्या विणणाऱ्या बाईंना सहा महिन्यांसाठी पोंभुर्ण्याला बोलावलं. त्यांनी इथलं बुरडकाम शिकायचं, आपलं विणकाम इथल्या बायांना शिकवायचं. दुभाषी हवी होती. जिल्ह्यातून अर्ज माझा एकटीचाच आला असावा.

पहिल्या दिवशी ताना बाईंच्या ओसरीवर मारिसोलबाई पाच मिनिटं भरभर बोलल्या. मला अर्धंही कळलं नाही. मी म्हटलं, "त्यांना इथे येऊन आनंद झाला आहे."

ताना बाई सूप विणत होत्या. पासष्टीच्या, काटक, कपाळावर गोंदण. त्या म्हणाल्या, "थे इतकी बोलली न तू एवढंसंच सांगतलं. बाकीचं कुठी गेलं?"

मी वहीत डोकं खुपसलं. पहिली टिचकी तेव्हा बसली.

त्यानंतरचे दिवस माझ्यासाठी गोंधळाचेच गेले. मी शब्दकोश उघडून अर्थ लावीपर्यंत त्या दोघी पुढे गेलेल्या असत. मारिसोलबाई ताना बाईंचा हात धरून "आसी नो" म्हणायच्या, म्हणजे 'असं नाही'. ताना बाई मला विचारायच्या, "हे तं आपलंच होय. असं नोको म्हनून राह्यली. हे सांगाले तुले पगार देते का?" एकदा मारिसोलबाई वाळलेल्या कामट्यांकडे बोट दाखवून "मोहा, मोहा" म्हणाल्या. ताना बाई आत गेल्या आणि परडीभर मोहफुलं घेऊन आल्या. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'भिजव' असा होतो, हे मला सांगता येईपर्यंत मारिसोलबाईंनी चार फुलं खाऊनही टाकली होती. तेव्हापासून त्या ओसरीवर कामट्या भिजवायच्या असल्या की सगळ्याच बाया "मोहा कर" म्हणू लागल्या.

एक दिवस ताना बाईंनी माझी वही उचलून कोनाड्यात ठेवली. "इथी बस. हात चालव. हात चालला का तोंड आपोआप चालते."

"पण ताना बाई, मला विणता येत नाही."

"तुले बोलता तरी कुठी येते?"

मी बसले. बांबू तासायचं पातं धरलं, बोट कापून घेतलं. कापलेल्या बोटाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते त्या दिवशी कळलं आणि पुन्हा विसरले नाही. ओढ, सोड, वरून घाल, घट्ट धर. ज्या क्रियापदांची रूपं दोन वर्षं घोकूनही जागेवर येत नव्हती, ती हाताबरोबर यायला लागली. आणि मी चुकले की मारिसोलबाईंच्या आधी ताना बाईंनाच ऐकू यायचं. अर्थ त्यांना ठाऊक नसे. पण "थे असं नाई म्हनत," हे त्या छातीठोक सांगत.

त्याच सुमारास ती गोष्ट घडली. ताना बाईंनी मला मारिसोलबाईंना विचारायला लावलं, "लेकरं किती?" मारिसोलबाई म्हणाल्या, "पेर्दी उना ईहा." ईहा म्हणजे मुलगी. पेर्दी म्हणजे गमावली, हरवली. एवढं मला शब्दकोशाशिवाय आलं याचाच मला आनंद झाला. मी लगेच सांगितलं, "त्यांची मुलगी हरवली."

"हारपली?" ताना बाईंचे हात प्रथमच थांबले. "कवा? जत्रेत का?"

ते विचारायचं धाडस मला झालं नाही. ताना बाईंनी मात्र त्या मुलीचा ध्यासच घेतला. गावच्या मातामायला नवस बोलल्या. एसटीच्या कंडक्टरला सांगून ठेवलं, "गोरी पोरगी दिसली तं इथीच उतरवजो. तिची माय माह्या घरी हाय." आणि मला म्हणाल्या, "पोरगी आली का, हे तिच्या भाषेत शिकव मले."

मी शिकवलं. "ईहा बीनो?"

तेव्हापासून रोज सकाळी मारिसोलबाईंनी ओसरीवर पाय ठेवताच ताना बाई विचारायच्या, "ईहा बीनो?" मारिसोलबाई क्षणभर बघत राहायच्या आणि सांगायच्या, "नो बीनो." नाही आली. मग काम सुरू. माझ्या शिकवण्याचा मला अभिमान वाटायचा.

दीड महिन्याने मारिसोलबाईंनी मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. गवत, चेस्टनटचं झाड, झाडाखाली एक दगड. त्यावर बारा वर्षांपूर्वीचं साल आणि नाव होतं, लुसिया. त्या ज्या शब्दाने त्या दगडाबद्दल बोलल्या तो मला ठाऊक होता. तुम्बा. थडगं.

मी तीन दिवस कुणाला काही बोलले नाही. चौथ्या दिवशी ताना बाईंना गाठून सांगितलं, की मारिसोलबाईंची मुलगी हरवली नाही, वारली आहे. बारा वर्षं झाली. चूक माझी.

ताना बाईंनी कामटी खाली ठेवली. "म्हंजे मेली?"

"हो."

"आन मी रोज सकाळी तिले इचारून राह्यली, आली का म्हनून." त्यांनी मांडीवरचं सूप बाजूला सारलं. "पोरी, हे का करवून घेतलं तूनं माह्या हातून?"

दोन दिवस त्या घरातून बाहेर ओसरीवर आल्याच नाहीत. मारिसोलबाई विचारत राहिल्या, मी काहीबाही सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी ताना बाई गावातल्या माझ्या खोलीवर आल्या, दारातच उभ्या राहिल्या.

"चुकलं माहं, हे तिच्या भाषेत कसं म्हनते?"

"पेर्दोन."

"पेर्दी म्हंजे हारपली, न पेर्दोन म्हंजे चुकलं? पाय बरं पुन्हा. तुह्यावर भरोसा नाई आता."

मी शब्दकोश उघडला, पान दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या शब्दावर बोट ठेवून त्यांनी मला तो तीनदा म्हणायला लावला. मग आम्ही दोघी मारिसोलबाईंकडे निघालो. रस्ताभर त्या "पेर्दोन, पेर्दोन" असं पुटपुटत होत्या.

मारिसोलबाईंनी ते ऐकलं, मी माझी चूक कबूल केली, तेव्हा त्या रडल्या. मग सावकाश, मला कळेल अशा बेताने बोलल्या. त्यांच्या गावात कोणी लुसियाचं नाव त्यांच्यासमोर काढत नाही. विषय निघाला तर बदलतात. इथे कोणीतरी तिची वाट बघत होतं. पहिल्या दिवशी काळजात कळ आली. नंतर सकाळ झाली की त्या प्रश्नाची वाट बघायची सवय लागली. "हिला सांग, उद्याही विचार."

वाक्य सोपं होतं. तरी मी अडखळले. मला बरोबर ऐकू आलं का? बरोबर असलं तरी सांगावं का?

सांगितलं.

"येडी हाय का थे?" ताना बाई एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ताना बाई ओसरीवर आल्या, कामट्या भिजवल्या, पातं पुसलं. मी दोघींकडे आळीपाळीने बघत होते. बऱ्याच वेळाने, मान वर न करता, ताना बाईंनी विचारलं, "ईहा बीनो?"

"नो बीनो," मारिसोलबाई म्हणाल्या. आणि दोघींचे हात चालू झाले.

हे चांगलं झालं की क्रूर, मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. दुभाषी मी होते आणि मलाच कळत नव्हतं. पण त्या दिवसानंतर मारिसोलबाई विणता विणता लुसियाबद्दल सांगू लागल्या. ती झाडावर कशी चढायची, शेजाऱ्याची बकरी सोडून कशी द्यायची. एकदा बकरीच्या गोष्टीवर ताना बाई खळखळून हसल्या, मीही हसले, आणि मग लक्षात आलं की मी भाषांतर केलंच नव्हतं. कोणी मागितलंही नव्हतं.

सहा महिन्यांनी मारिसोलबाई गेल्या. मी आता बल्लारपूरच्या घरातून फोनवर दुभाष्याचं काम करते. त्या कामासाठीच्या मुलाखतीत फोनवरच्या स्पॅनिश बाईंनी विचारलं होतं, "तुम्ही खेड्यातल्या म्हाताऱ्यांसारखं बोलता, कुठे शिकलात?" मी पोंभुर्णा म्हटलं, त्यांनी नकाशात शोधलं असेल. महिन्या-दोन महिन्यांनी मी ताना बाईंकडे जायची. "बल्लारपुरात का ठेवलं हाय तुह्यं? इथीच राय," असं प्रत्येक वेळी म्हणायच्या, आणि निघताना टोपली हातात द्यायच्या.

गेल्या वर्षी त्यांना कावीळ झाली. चंद्रपूरला नेलं, पण उशीर झाला होता. त्यांची सून सुनंदा हिचा फोन आला तेव्हा मी कामावर होते, तशीच निघाले. सगळं आटोपल्यावर दुपारी मी ओसरीच्या कडेला उभी राहून मारिसोलबाईंना फोन लावला. नीट, सोप्या शब्दांत सांगितलं.

त्यांनी एकच शब्द विचारला, आणि तो स्पॅनिश नव्हता.

"काऊन?"

म्हणजे 'का'. ताना बाईंची बोली, ताना बाईंचाच हेल.

"नाई मालूम वो, मारिसोलबाई," मी म्हटलं. "मले नाई मालूम."

झाडी बोली माझ्या तोंडून अशी पहिल्यांदाच निघाली होती, मोठ्याने, सगळ्यांदेखत. ओसरीवर बसलेल्या बायांपैकी कोणी हसलं नाही, कोणी वळूनही पाहिलं नाही. सुनंदा जराशी सरकली, आणि मी तिच्याजवळ बसले.